स्तनदा माता आणि वेदनाशामक गोळ्या

बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे मातेला शारीरिक त्रासाचेही जातात. टाके दुखतात, गर्भाशय पूर्ववत होताना ओटीपोटात कळा येतात, दूध साठून स्तन ताठरतात. कंबर आणि डोके यांचे दुखणे तर नित्याचेच. अशा वेळी अनेक घरांतून दोहोंपैकी एक प्रकार आढळतो. गोळीचा अंश दुधात उतरून बाळाला बाधेल या भीतीने माता दुखणे मुकाट्याने सोसते. अथवा ती गोळी घेते, पण मग वडीलधारी मंडळी एकदोन दिवस बाळाला अंगावर पाजू देत नाहीत. नेहमीच्या दोन औषधांच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार अनावश्यक आहेत, आणि दुसरा तर बाळाला अपायकारकही ठरू शकतो.

भीती अगदीच निराधार आहे असे नव्हे. मातेने घेतलेले औषध रक्तात मिसळते व तेथून काही प्रमाणात दुधात उतरते, हे खरेच आहे. परंतु किती उतरते, हा खरा प्रश्न होय. पॅरासिटामॉलचेच उदाहरण घ्यावे. बाळाला ताप आला असता डॉक्टर हेच औषध थेंबांच्या रूपाने खुद्द बाळाला देतात. दुधावाटे मिळणारा अंश त्या मात्रेहून पुष्कळच कमी असतो. आयबुप्रोफेन रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटून राहत असल्यामुळे दुधात फारच थोडे येते. वजनाच्या प्रमाणात तुलना केल्यास मातेच्या मात्रेच्या एक टक्क्याहूनही कमी अंश बाळाला मिळतो. ही दोन्ही औषधे स्तनपानाच्या काळात सुरक्षित मानली जातात. त्यांच्यासाठी पाजणे थांबविण्याचे किंवा दूध पिळून टाकून देण्याचे कारण नाही.

अर्थात मात्रा सांभाळली पाहिजे. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या, दोन वेळांत चार ते सहा तासांचे अंतर, आणि २४ तासांत कोणत्याही परिस्थितीत आठ गोळ्यांपेक्षा अधिक नाही. अशक्त अथवा यकृताचा विकार असलेल्या मातेला याहूनही कमी. आयबुप्रोफेन जेवणानंतर घ्यावे. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असणाऱ्या स्त्रीने ते डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये. पावसाळ्यात डेंग्यूची साथ असताना तापावर आयबुप्रोफेन वा ॲस्पिरिन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, हेही येथे सांगून ठेवणे इष्ट.

पाजणे थांबविल्याने होणारे नुकसान मात्र निश्चित आहे. साठलेल्या दुधाने स्तन अधिकच दुखतात, पुढे दूध कमी होऊ लागते, आणि बाटली घरात शिरते. खेड्यापाड्यांतून बाटली स्वच्छ उकळून घेणे किती घरांना साधते, हे अंगणवाडी सेविकांना विचारावे! स्तनाला सूज येऊन ताप आला तरी पाजणे चालूच ठेवावयाचे असते.

परंतु सर्वच वेदनाशामके सारखी नाहीत. ॲस्पिरिन टाळावे, लहान मुलांत त्याचा संबंध यकृत व मेंदू यांना ग्रासणाऱ्या रे सिंड्रोम या दुर्मीळ पण गंभीर विकाराशी आढळला आहे. (रक्त पातळ राहण्यासाठी डॉक्टरांनीच अल्प मात्रेत ते दिले असेल, तर आपल्या मनाने बंद करू नये.) कोडीनचे यकृतात मॉर्फिन होते. काही स्त्रियांच्या शरीरात हे रूपांतर फार झपाट्याने घडते व बाळाला गुंगी येऊन त्याचा श्वास मंदावू शकतो. याच कारणास्तव अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये कोडीन व ट्रामाडॉल ही दोन्ही औषधे स्तनदा मातांनी घेऊ नयेत असा इशारा दिला. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यास आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. सुरक्षित औषधे हाताशी असताना स्तनदा मातेने ते घेण्याचे प्रयोजन दिसत नाही.

अडचण उद्भवते ती येथेच. दुकानातून "अंगदुखीची गोळी द्या" एवढेच सांगून आणलेली, पट्टीतून कातरून दिलेली, नाव नसलेली गोळी नेमकी कशाची आहे हे कोणालाच सांगता येत नाही. पॅरासिटामॉलबरोबर ट्रामाडॉल किंवा निमेसुलाइड असलेल्या संयुक्त गोळ्याही बाजारात आहेत. यास्तव नाव वाचता येईल अशी पट्टी मागून घ्यावी आणि बाळ अंगावर पीत असल्याचे औषध विक्रेत्यास आवर्जून सांगावे. शिक्षकांना व पंचायत सदस्यांना ही एवढी सवय आपल्या गावात रुजविता येईल. आशा कार्यकर्ती प्रसूतीनंतरच्या ४२ दिवसांत घरी सहा वेळा भेट देते आणि तिच्या औषधपेटीत पॅरासिटामॉल असते. घरात असलेली गोळी तिला दाखविण्यात संकोच नसावा.

दोन प्रसंगी मात्र गोळीवर विसंबून राहू नये. बाळंतिणीला ताप येऊन दुर्गंधीयुक्त स्राव होत असेल, अथवा तीव्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तिला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. तसेच बाळ नेहमीपेक्षा अधिक झोपाळू झाले, दूध ओढीनासे झाले किंवा त्याचा श्वास मंद वाटला, तर त्याला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे आणि आईने घेतलेल्या गोळीची पट्टी सोबत ठेवावी.