पाळी जाताना

गेल्या पौषातली गोष्ट. आम्ही सगळे गोधड्यांत गुरफटून झोपलो होतो आणि आईने मध्यरात्री उठून पंखा लावला. वडील वैतागले, मीही कुरकुरले. आई काही न बोलता ओसरीवर जाऊन बसली. सकाळी पाहिले तर तिचे पोलके घामाने भिजलेले. "आईचा स्वभाव हल्ली बिघडलाय," असे मी मैत्रिणींत बेधडक सांगत असे. एकदा मावशी म्हणाली, "अगं, तिची पाळी जायची वेळ आलीय," तेव्हा मला माझीच लाज वाटली. मग ग्रंथालयात वाचले, डॉक्टरीणबाईंना विचारले. तेच येथे मांडते.

पाळी येण्याविषयी आपल्याला कोणीतरी कानात सांगते. जाण्याविषयी मात्र कोणीच नाही. वयाबरोबर बीजांडकोशांतील बीजांडे संपत येतात आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. बहुतेकींना ती ४५ ते ५५ या वयात येते. भारतात सरासरी ४६-४७ च्या सुमारास. त्याआधी काही वर्षे पाळी मागेपुढे होते. या काळात मेंदूतील तापमान राखणारे केंद्र हळवे होते. किंचित उष्णता वाढली तरी ते शरीर थंड करू पाहते. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा तापतो, दरदरून घाम सुटतो. याच त्या 'वाफा'. झोपमोड झाली की चिडचिड आलीच. काहींचे सांधे दुखतात, योनिमार्ग कोरडा पडतो, विसर पडतो. पुढे हाडे ठिसूळ होऊ लागतात. म्हणून चालणे, दूध, नाचणी, कोवळे ऊन यांना महत्त्व.

हा आजार नव्हे. पण सगळेच "वयाचे" म्हणून सोसायचेही नसते. त्रास फार असेल तर उपाय आहेत. संप्रेरके घ्यावीत की नाही हे डॉक्टरांनी तपासून ठरवावे. आणि एक गोष्ट घरोघर सांगावी : पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर "पाळी परत आली" असे समजू नये. थेंबभर असले तरी तपासून घ्यावे. कधी कधी तो गर्भाशयाच्या कर्करोगाचा पहिला इशारा असतो.

मी आईची क्षमा मागितली नाही. एका रात्री नुसती ओसरीवर तिच्याजवळ जाऊन बसले. "तुला कोणी सांगितलं?" एवढेच तिने विचारले, आणि मग पहाटेपर्यंत आम्ही बोलत होतो. यंदा थंडीत आमच्या घरी पंखा चालू असतो. वडील दुसरी गोधडी घेतात.

मित्रमैत्रिणींनो, सुटीत घरी जाल तेव्हा आईला एकदा विचारा : रात्री झोप लागते का?