वाण आणि गुण

निपाणी-बेळगावकडे मूल परीक्षेत मागे पडले की लोक चटकन म्हणतात, "खाण तशी माती! बापाने शाळा पाहिली नाही, पोर काय शिकणार?" या समजुतीत तथ्य किती, याचा पालकांनी शांतपणे विचार करावा.

आईबापांकडून मुलाला जे उपजत मिळते, ते जनुकांवाटे. आई आपली निम्मी जनुके देते, बाप निम्मी देतो. उरलेली निम्मी मुलाकडे येतच नाहीत. शिक्षणातील मजलेवर जनुकांचा काही परिणाम होतो, हे खरे. परंतु २०१८ साली आइसलंडमधील २१ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात एक नवल आढळले. मुलाला न मिळालेल्या जनुकांचाही ठसा त्याच्या शिक्षणावर होता. मिळालेल्यांच्या प्रभावाच्या सुमारे ३० टक्के! न दिलेली वस्तू पोहोचली कशी? घराच्या वाटेने. ती जनुके आईबापांच्या सवयींना वळण देतात आणि त्या सवयी घर घडवतात. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तो असा. शिवाय हे आकडे सरासरीचे आहेत. एकट्या मुलाचे भविष्य त्यांवरून सांगता येत नाही.

घराचे हे महत्त्व शेजारच्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले होते. १९०६ साली त्यांच्या पुढाकाराने मुस्लिम बोर्डिंग निघाले. घरी अभ्यासाची सोय नसलेल्यांना तेथे आसरा मिळाला. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आपल्या वाडवडिलांपैकी पुष्कळांना अशी संधीच लाभली नाही. त्यावरून त्यांना बुद्धी नव्हती असे कोणी म्हणू नये.

मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या आईला अक्षरओळख नसेल. तरी "आज काय शिकलास, मला सांग," एवढे ती रोज विचारू शकते. घरी दखनी, गल्लीत मराठी, कचेरीत कन्नड ऐकणाऱ्या मुलाला बोलताना हसू नये. घरच्या भाषेत त्याच्याशी भरपूर बोलावे. अभ्यासाची वेळ ठरवावी, त्या वेळी मोबाइल बाजूला ठेवावा आणि मुलीलाही कामातून मोकळे करावे.

एका खोलीच्या घरात हे कसे जमावे? म्हणून सभासदांना विनंती, की या महोत्सवी वर्षात ट्रस्टच्या जागेत सायंकाळी दोन तासांची अभ्यासिका सुरू करावी. वाण बदलणे आपल्या हाती नाही. गुण लागावा अशी जागा देणे मात्र आहे.