लाल अक्षरे वाचायला शिका
(पायथन शिकताना नेहमी होणाऱ्या चुका आणि त्यांची दुरुस्ती)



शनिवारच्या संगणक वर्गात पायथन शिकवायला घेतल्यापासून एक गोष्ट मी दर वर्षी पाहतो. मुलांना बेरीज येते, सरासरी येते, टक्केवारीसुद्धा येते. पण पडद्यावर लाल अक्षरे उमटली की हात कीबोर्डवरून उठतात. कुणी सगळे पुसून पहिल्यापासून टाइप करतो, कुणी शेजाऱ्याचा प्रोग्रॅम उतरवून घेतो. आणि मराठी माध्यमातली आपली मुले हमखास म्हणतात, "सर, माझं इंग्लिश कच्चं आहे."

गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीची आई भेटायला आली. म्हणाली, "सर, हिचं नाव कमी करा. घरी येऊन रडते. हिला ते जमत नाही म्हणते." मुलगी गणितात चांगली. मी तिचा प्रोग्रॅम मागवून पाहिला. एका वहीची किंमत 25 रुपये, वह्या किती ते विचारायचे आणि बिल सांगायचे, एवढेच काम होते. तिने 4 वह्या सांगितल्या. उत्तर 100 यायला हवे होते. पडद्यावर आले होते सलग पंचवीस चार: 4444444444444444444444444. त्यात इंग्रजीचा एक शब्दही नव्हता, तरी तिला वाटत होते की आपले इंग्रजी कमी पडते. या लेखाचे निमित्त ती मुलगी आहे. पालक व विश्वस्त मंडळींनीही तो वाचावा, कारण शेवटी थोडे काम त्यांच्यासाठीही आहे.

एक सूचना. या पत्रिकेत सगळा मजकूर देवनागरीत असतो म्हणून पायथनच्या आज्ञाही इथे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर मात्र इफ, प्रिंट, इनपुट या आज्ञा इंग्रजी लिपीत, आणि सगळ्या लहान अक्षरांत टाकायच्या.

आधी तिचे कोडे सोडवू. तिने लिहिले होते:

वह्या = इनपुट("वह्या किती? ")
प्रिंट(वह्या * 25)

इनपुट ही आज्ञा कीबोर्डवरून आलेली प्रत्येक गोष्ट मजकूर म्हणून घेते. तुम्ही 4 दाबलेत तरी पायथनला तो आकडा वाटत नाही, "राम" किंवा "बेळगाव" यांसारखे एक अक्षर वाटते. मजकुराला 25 ने गुणा म्हटले की पायथन तो मजकूर पंचवीस वेळा लिहितो. त्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, म्हणून लाल अक्षरेही आली नाहीत. उपाय सोपा आहे: वह्या = इंट(इनपुट("वह्या किती? ")). इंट म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणे. अडीच किलो साखर विचारायची असेल तर मात्र इंट चालणार नाही, 2.5 दिल्यावर ते अडखळते. तिथे फ्लोट वापरावे. नवशिक्यांच्या अडचणींत ही चूक मी पहिल्या क्रमांकावर ठेवीन. दोन संख्यांची बेरीज करताना 5 आणि 7 चे 57 होतात तेही याच कारणाने.

आता लाल अक्षरांकडे वळू. प्रोग्रॅम चालता चालता अडला की पायथन एक लांबलचक मजकूर दाखवतो. त्याला ट्रेसबॅक म्हणतात. तो वरून खाली वाचू नका. शेवटच्या ओळीपासून सुरुवात करा. शेवटच्या ओळीत चुकीचे नाव असते व पुढे थोडक्यात कारण. मग वर सरकून 'लाइन' या शब्दापुढचा आकडा पाहा. तो तुमच्या प्रोग्रॅममधला ओळ क्रमांक. नाव आणि ओळ, एवढे मिळाले की निम्मे काम झाले. यासाठी फार तर आठ-दहा इंग्रजी शब्द लागतात आणि ते एका दुपारी पाठ होतात.

नेमएरर म्हणजे हे नाव मला माहीत नाही. बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेले असते, किंवा लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ. ज्यांच्या घरी संगणक नाही आणि जे मोबाइलवर सराव करतात त्यांना हा फार छळतो, कारण मोबाइलचा कीबोर्ड ओळीचे पहिले अक्षर आपणहून मोठे करतो. पायथनला मोठ्या 'पी'चे प्रिंट ओळखता येत नाही. टाइपएरर म्हणजे दोन वेगळ्या जातींच्या गोष्टी एकत्र आणल्या, उदाहरणार्थ मजकुराची तुलना आकड्याशी. या ओळीत 'स्ट्र' दिसले तर मजकूर, 'इंट' दिसले तर पूर्णांक. व्हॅल्यूएरर म्हणजे जात बरोबर, पण आतला माल चालत नाही: इंटला "चार" हा शब्द दिला तर तो येतो. इंडेक्सएरर म्हणजे यादीत नसलेल्या जागेवर हात घातला. झिरोडिव्हिजनएरर तर तुम्हाला सांगायलाच नको, शून्याने भागू नये हे गणिताच्या बाईंनी कधीच सांगितले आहे.

सिंटॅक्सएरर म्हणजे वाक्यरचनाच चुकली. इथे एक फसगत होते. पायथन ज्या ओळीकडे बोट दाखवतो ती ओळ कधी कधी निर्दोष असते. वरच्या ओळीतला कंस बंद करायचा राहिलेला असतो आणि पायथनला ते पुढच्या ओळीवर पोचल्यावर कळते. म्हणून दाखवलेली ओळ ठीक वाटली तर तिच्या वरची ओळ तपासा. 2021 साली आलेल्या 3.10 या आवृत्तीपासून पायथन कंस उघडा राहिल्याचे स्पष्ट सांगतो, नाव थोडे चुकले असेल तर "हे म्हणायचे होते का?" असेही विचारतो. पण ज्या जुन्या संगणकांवर विंडोज 7 आहे तिथे 3.8 च्या पुढची आवृत्ती बसत नाही. त्यामुळे घरी एक संदेश व प्रयोगशाळेत दुसरा, असे झाले तर गोंधळू नका. (विश्वस्त मंडळींना यात नव्या संगणकांची मागणी दिसली असेल, तर ती आहेच. पण आजचा धडा जुन्या संगणकावरही पूर्ण होतो.)

इंडेंटेशनएरर हा पायथनचा खास. इतर अनेक भाषांत महिरपी कंस असतात, पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडलेली मोकळी जागाच सांगते की कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे. इफच्या ओळीशेवटी अपूर्णविराम द्यायचा आणि खालची ओळ चार जागा आत घ्यायची. कधी टॅब आणि कधी स्पेस असे करू नका. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसते, पायथनला नाही.

अपूर्णविरामावरून आठवले. आपल्याकडे मराठी टाइप करणारी मुले अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टाकतात. दिसायला दोन टिंबेच. दोन मुलांनी अर्धा तास घालवला होता त्यात. तसेच वर्डमध्ये लिहून इकडे चिकटवले की सरळ अवतरणचिन्हांची वळलेली चिन्हे होतात आणि पायथन ती नाकारतो. अशा वेळी ते चिन्ह पुसून पायथनच्या खिडकीतच पुन्हा टाइप करावे.

लाल अक्षरे येतात त्या चुका खरे तर सज्जन. लबाड चुका त्या, ज्यांत प्रोग्रॅम गुपचूप चालतो आणि उत्तर चुकते. साताचा पाढा छापायला सांगितला की वर्गातले निम्मे पाढे 'सात नव्वे त्रेसष्ट' वर थांबतात. 'सात दाहे सत्तर' गायब! कारण रेंज(1, 10) मध्ये 1 येतो, 10 येत नाही. दहापर्यंत हवे तर रेंज(1, 11) लिहावे लागते. हे विचित्र वाटते, पण त्यामागे हिशेब आहे. पायथन यादीतल्या जागा शून्यापासून मोजतो. दहा मुलांच्या यादीत जागा 0 ते 9. रेंज(10) म्हटले की नेमक्या त्याच दहा जागा मिळतात.

दुसरी लबाड चूक गुणपत्रिकेची. आधी लिहिले, गुण 35 किंवा जास्त असतील तर "उत्तीर्ण". त्याखाली एलिफ घालून लिहिले, 60 किंवा जास्त असतील तर "प्रथम श्रेणी". आता 85 गुणांच्या मुलाला प्रथम श्रेणी कधीच मिळणार नाही. 85 हे 35 पेक्षा जास्त आहेत, पहिल्याच दारातून तो आत गेला, पुढचे दार पायथन उघडून पाहतच नाही. मोठी अट आधी लिहावी.

अशा चुका वहीत सापडतात. कागदावर एक तक्ता आखा, प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना द्या आणि तुम्हीच पायथन व्हा. एकेक ओळ वाचून रकान्यातली किंमत बदलत जा. कंटाळवाणे आहे, पण मला यापेक्षा भरवशाचा मार्ग माहीत नाही. फार लांब प्रोग्रॅम असेल तर मधे मधे प्रिंट टाकून किंमत पाहावी आणि काम झाल्यावर ते काढून टाकावे.

थोडी गंमत आपल्या लिपीची. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे 2008 पासून, व्हेरिएबलला वय, गुण, वह्या अशी मराठी नावे देता येतात. इनपुटला कुणी देवनागरीत १२ टाकले तरी इंट त्याचे बरोबर बारा करते. प्रोग्रॅमच्या मजकुरात मात्र आकडे इंग्रजीच हवेत. आता "मराठी" या शब्दाची लांबी लेन या आज्ञेने विचारा. आपण तीन म्हणू, पायथन पाच सांगतो: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. म्हणूनच उलटसुलट सारखे वाचता येणारे शब्द शोधण्याच्या प्रोग्रॅमला "कनक" पटकन सापडतो, पण "नवजीवन" सापडत नाही. तो उलटा केला की "नवीजवन" होतो. वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. इंग्रजी पुस्तकातला प्रोग्रॅम बरोबर आहे, तो आपल्या अक्षरांसाठी लिहिलेला नाही. हा नीट कसा करावा, यावर नववी-दहावीच्या मुलांनी डोके चालवावे.

आता मदत कशी करावी ते. त्या मुलीच्या बाबतीत पहिली चूक माझीच होती. आई येण्याच्या आधीच्या शनिवारी तिची अशीच अडचण मी पाहिली होती. मागे बीस मुले हात वर करून बसलेली, म्हणून मी तिचा कीबोर्ड ओढला, इंट टाकले आणि पुढे गेलो. दहा सेकंदांचे काम. तिला काय समजले? सरांना येते आणि आपल्याला येत नाही, एवढेच. पुढच्या खेपेला तीच चूक पुन्हा झाली. तेव्हापासून वर्गात नियम केला आहे की मदत करणाऱ्याने, मग तो मी असो की दहावीचा दादा, कीबोर्डला हात लावायचा नाही. फक्त विचारायचे: काय व्हायला हवे होते? काय झाले? शेवटची ओळ मोठ्याने वाच.

पालकांना हे तिन्ही प्रश्न विचारता येतात. त्यासाठी पायथन यायला नको. 1999 साली निघालेल्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या पुस्तकात अँड्र्यू हंट व डेव्हिड थॉमस यांनी एका प्रोग्रॅमरचा उल्लेख केला आहे, जो रबरी बदकाला आपला प्रोग्रॅम ओळीओळीने समजावून सांगे. सांगता सांगता चूक त्याची त्यालाच दिसे. आपल्या घरी बदक नसले तरी आजी असते. मुलाला म्हणावे, "ही ओळ काय करते ते आजीला सांग." आजीने मधे "म्हणजे रे काय?" विचारले की फारच उत्तम.

त्या मुलीने पुढच्या शनिवारी तसेच केले, आजीऐवजी आईला समोर बसवून. दुसऱ्या ओळीवर येऊन ती थांबली आणि म्हणाली, "आई, थांब, ह्याला चार म्हणजे आकडा आहे हेच माहीत नाही." नाव कमी करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. सध्या ती सातवीच्या मुलांचे पाढे तपासते.

गृहपाठ. पुढील प्रोग्रॅममध्ये तीन चुका आहेत. पायथन त्या तिन्ही एकदम सांगणार नाही. एक दुरुस्त केली की दुसरी दाखवील, आणि तिसरी तर गुण टाइप केल्यावरच उघडी पडेल. प्रत्येक चुकीचे नाव, ओळ क्रमांक आणि तुम्ही काय बदललेत ते वहीत लिहून आणा.

गुण = इनपुट("गुण किती? ")
इफ गुण >= 35:
प्रिंट("उत्तीर्ण")
एल्स
    प्रिंट("पुन्हा परीक्षा")

वही शनिवारी वर्गात घेऊन यावी. घरी संगणक नसलेल्यांनी कागदावर सोडवले तरी चालेल. त्यांच्यासाठी पहिला अर्धा तास प्रयोगशाळा मोकळी ठेवली आहे.