पेणकर आणि रोहेकर

परमुलखीं जो राहावयास येतो त्यानें तेथील भाषा शिकावी, असें आपण सहज म्हणतों. पण भाषा घेतांना आपलें सर्वस्व टाकावें लागतें काय? याचें उत्तर आपल्या रायगड जिल्ह्यांतच आहे.

बेने इस्राएल लोकांत पेणकर, रोहेकर, नौगांवकर अशीं आडनांवें आढळतात. त्यांच्या परंपरेप्रमाणें अलिबागेजवळ नौगांव येथें गलबत फुटलें व सात जोडपीं वांचलीं. त्यांचे हे वंशज. त्यांनीं तेलाचा घाणा चालविला, मराठी ही घरची भाषा केली, आणि ज्या गांवानें आसरा दिला त्याचें नांव धारण केलें. मात्र शब्बाथ पाळून शनिवारीं घाणा बंद ठेविला. शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. पण ती चाल त्यांनीं मोडूं पाहिली नाहीं.

स्कॉटलंडचे जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले. तेही परकेच. त्यांनीं आधीं मराठी शिकून घेतली, आणि १८३२ सालीं हिब्रूचें व्याकरण मराठींत प्रसिद्ध केलें.

१९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएल देशीं गेलीं. तेथें स्वधर्मीयांनींच त्यांच्या यहूदीपणाविषयीं शंका घेतली. ते सर्व बाबतींत यहूदीच आहेत, असें तेथील सरकारनें १९६४ सालीं जाहीर केलें. कोंकणांतल्या खेड्यानें जें न विचारतां मानलें, तें भाऊबंदांकडून मिळण्यास वर्षें लागलीं.

म्हणून दुरून कामास आलेला मजूर आपल्या गांवीं मोडकी मराठी बोलूं लागला, तर आपण त्यास हंसूं नये. भाषा शिकणें हें येणाऱ्याचें काम. त्याला शिकूं देणें हें गांवाचें.