सर्व्हर चालू झाला, पण दुकान उघडलंच नाही



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण भाड्याच्या सर्व्हरवर टॉमकॅट बसवून त्यावर ऑर्डरचं ॲप चढवलं. व्हिडिओत नुसतं 'हे करा, ते करा' झालं. ते का करायचं हे इथं लिहितोय, कारण माझं शिक्षण बीबीए आहे, इंजिनिअरिंग नाही, आणि यातली बरीचशी कारणं मला नुकसान झाल्यावर कळली.

दोन वर्षांपूर्वीचा जून. लातूरला क्लासेससाठी पोरं यायला लागली की आमच्या पुस्तकांच्या दुकानाचा सीझन सुरू होतो. पालक दिवसभर शेतात नाहीतर नोकरीवर, त्यामुळे ऑर्डर रात्री येतात. एका सकाळी नऊला नांदेडहून एका पालकांचा फोन आला. "सर, तुमची साईट उघडंना झालीय हो. पोरीचा सेट घ्यायचा होता. दुसरीकडून घेऊ का?" मोबाईलवर उघडून बघतो तर पांढरं पान आणि त्यावर '५०२ बॅड गेटवे'. रात्री तीनला सर्व्हर कंपनीनं देखभालीसाठी मशीन रिस्टार्ट केलं होतं. तसा मेल चार दिवस आधीच आलेला, मीच उघडला नव्हता. मशीन लगेच परत चालू झालं. माझं ॲप मात्र सहा तास बंद. ऐन सीझनमध्ये!

आता हा ५०२ काय सांगतो ते समजून घ्या. आपल्या सर्व्हरवर दोन प्रोग्रॅम असतात. एक एनजिनएक्स, तो दारावर उभा राहून गिऱ्हाईक आत घेतो. दुसरा टॉमकॅट, तो आत बसून खरं काम करतो: स्टॉक बघतो, बिल बनवतो, डेटाबेसमध्ये नोंद घालतो. ५०२ आलं म्हणजे दारावरचा माणूस जागेवर आहे, पण आतून त्याला नीट उत्तर मिळत नाहीये. साईट अजिबातच उघडली नाही, नुसती फिरत राहिली, तर मशीन, नेटवर्क किंवा एनजिनएक्सकडे बघायचं. एवढं ओळखता आलं तरी डेव्हलपरला फोन करताना तुम्ही अर्धं काम करून ठेवलेलं असतं.

गंमत सांगतो. टॉमकॅट म्हणजे बोका. सन कंपनीतल्या जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी तो लिहिला, १९९९ मध्ये तो अपाची फाउंडेशनकडे गेला. नाव देताना त्यांना स्वतःची काळजी स्वतः घेणारा प्राणी हवा होता. माझा बोका मात्र रात्री तीनला झोपला तो सकाळी मी उठवल्यावरच उठला! कारण मी टॉमकॅटची झिप उतरवून स्टार्टची फाइल हातानं चालवली होती. हातानं चालवलेला प्रोग्रॅम मशीन बंद झालं की संपला. तो परत चालू करायचाय हे मशीनला कोणी सांगितलेलंच नसतं.

ते सांगायची जागा म्हणजे सिस्टमडी. उबंटूमध्ये प्रत्येक सर्व्हिसला दोन वेगळे हुकूम असतात. 'स्टार्ट' म्हणजे आत्ता चालू कर. 'एनेबल' म्हणजे मशीन जेव्हा जेव्हा चालू होईल तेव्हा तूही चालू हो. लोक पहिला देतात, साईट उघडते, आनंदात चहाला जातात. दुसरा राहून जातो. उबंटूच्या स्वतःच्या पॅकेजमधून टॉमकॅट बसवला तर ही सर्व्हिस तयार मिळते, आणि तो रूट म्हणून न चालता वेगळ्या साध्या यूझरखाली चालतो. म्हणजे उद्या ॲपमधून कोणी आत घुसलंच तर सगळ्या मशीनच्या किल्ल्या त्याच्या हाती लागत नाहीत. डेव्हलपरला आधी एक विचारा, ॲप टॉमकॅट ९ साठी बनवलंय की १० साठी? ९ चं ॲप १० वर जसंच्या तसं चालत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दोघांचे दिवस यातच गेलेत.

आता दरवाजे. लातूरची गंजगोलाई तुम्ही पाहिलीच असेल, मधोमध इमारत आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. व्यापाराला ते उत्तम. सर्व्हरला असे पासष्ट हजारांवर रस्ते असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि तिथं उलटा हिशोब आहे. तीनच उघडे ठेवायचे: गिऱ्हाइकांसाठी ८० आणि ४४३, आणि तुम्हाला आत जायला २२. टॉमकॅटचा ८०८० आणि डेटाबेसचा पोर्ट बाहेरून बंद. टॉमकॅटच्या सेटिंगमध्ये कनेक्टरला १२७.०.०.१ हा पत्ता दिला की तो फक्त त्याच मशीनवरून, म्हणजे एनजिनएक्सकडूनच, बोलणं ऐकतो. फायरवॉल चालू करण्याआधी २२ ला परवानगी दिलीय ना ते दोनदा बघा. नाहीतर स्वतःच्याच दुकानाबाहेर उभे राहाल, आणि किल्ली आत! टॉमकॅटची नमुना ॲप्स आणि मॅनेजर लागत नसतील तर काढून टाका.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. ॲप 'वॉर' नावाच्या एका फाइलमध्ये बांधून येतं. ती वेबॲप्स फोल्डरमध्ये टाकली की टॉमकॅट ती उलगडून त्याच नावाचं फोल्डर बनवतो. नवीन वॉर टाकली की जुनं उलगडलेलं फोल्डर पुसून नवीन बनवतो. आमच्या ॲपमध्ये पुस्तकांचे फोटो त्याच फोल्डरच्या पोटात साठत होते. एक छोटी दुरुस्ती चढवली आणि चारशेच्या वर फोटो गेले. बायको आणि मी दोन रात्री बसून परत काढले. तेव्हा गिऱ्हाइकांनी किंवा तुम्ही अपलोड केलेली कुठलीही गोष्ट वेबॲप्सच्या बाहेर वेगळ्या फोल्डरमध्येच ठेवायला सांगा. उबंटूचा टॉमकॅट बाहेरच्या फोल्डरमध्ये लिहायला अडवतो, त्यासाठी सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये त्या फोल्डरला परवानगी द्यावी लागते. डेव्हलपरनं 'चालंना' म्हणून परत आत टाकू नये, म्हणून हे सांगून ठेवतो.

मेमरीचं थोडक्यात. स्वस्तात मिळतो म्हणून एक जीबीचा सर्व्हर घेतला, त्यावर जावा आणि डेटाबेस दोन्ही बसवले, की मेमरी संपते आणि लिनक्स बहुतेक वेळा सगळ्यात जास्त खाणाऱ्यालाच बंद करतो. तो बहुधा तुमचा टॉमकॅट किंवा डेटाबेस असतो. दोन जीबी घ्या, आणि जावाला जास्तीत जास्त किती घ्यायची ती मर्यादा घालून द्या.

घड्याळही बघा. भाड्याचा सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी वेळेवर येतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १ जुलैच्या रात्री दोनला आलेली ऑर्डर ३० जून, रात्री साडेआठ अशी नोंदली जाते. दुकानदाराला वाटतं, काय बिघडतं? महिना बदलला की जीएसटीच्या हिशोबात बिघडतं. टाइम झोन आशिया-कोलकाता करा, आणि ॲप व डेटाबेसला तोच दिसतोय का ते एक बिल फाडून बघा.

मराठी नावांचंही तसंच. जुन्या मायएसक्यूएलमध्ये कॅरेक्टर सेट लॅटिन असायचा, त्यात 'सुरेखा' लिहिलं की प्रश्नचिन्हांची रांग साठायची. ती परत नाव होत नाही, गिऱ्हाइकालाच फोन करावा लागतो. ८.० पासून यूटीएफ८एमबी४ आपोआप असतं. जुना डेटा आणत असाल तर मात्र तपासाच.

कुलपाचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, ९० दिवसांचं. आपोआप नवं होण्याची सोय लावून ठेवा. डेटाबेसचा बॅकअप रोज, आणि दुसऱ्या मशीनवर. त्यावर वेगळा व्हिडिओ आहे.

आता गृहपाठ. आज रात्री गिऱ्हाईक नसताना सर्व्हर स्वतःच्या हातानं रिबूट करा. लॅपटॉप मिटवा, आत शिरून काही सुरू करू नका. पाच मिनिटांनी वायफाय बंद करून मोबाईल डेटावर साईट उघडा आणि एक खोटी ऑर्डर टाका. ऑर्डर पडली तर झोपायला जा. ५०२ आलं तर टॉमकॅट एनेबल आहे का ते बघा, मग त्याचा लॉग उघडून शेवटच्या वीस ओळी वाचा.