स्विस पास घेण्याआधी हा हिशेब करा

मेच्या सुट्टीत स्वतःच आखणी करून स्वित्झर्लंडला निघालात, तर रेल्वेचा खर्च मोठा असतो. 'स्विस ट्रॅव्हल पास घेऊन टाका, मग सगळं फिरणं फुकट,' असं तुम्हाला सांगितलं जाईल. पैसे भरण्याआधी कागद-पेन घ्या.

मुख्य पर्याय दोन. स्विस ट्रॅव्हल पासवर ठरलेल्या सलग दिवसांत रेल्वे, बस, बोट आणि शहरातली ट्राम कितीही वेळा वापरता येते. २०२५ चे दुसऱ्या वर्गाचे दर असे होते: ३ दिवस २४४ फ्रँक, ४ दिवस २९५, ६ दिवस ३७९, ८ दिवस ४१९, १५ दिवस ४५९. दुसरा पर्याय स्विस हाफ फेअर कार्ड: १५० फ्रँक, मुदत एक महिना, बहुतेक तिकिटं निम्म्या दरात. हिशेबाला फ्रँक शंभर रुपयांचा धरा, प्रत्यक्षात तो महागच पडतो. दर दरवर्षी बदलू शकतात, म्हणून पैसे भरताना त्या वर्षीचं दरपत्रक बघा.

आता हिशेब, २०२५ च्या दरांनी. ८ दिवसांचा पास आणि हाफ फेअर कार्ड यांत फरक २६९ फ्रँकचा. म्हणजे तुमच्या प्रवासाची पूर्ण दराची तिकिटं माणशी ५३८ फ्रँकच्या आत बसत असतील तर कार्ड घ्या, वर जात असतील तर पास. ३ दिवसांसाठी हाच आकडा १८८, ६ दिवसांसाठी ४५८. तिकिटांचे दर स्विस रेल्वेच्या 'एसबीबी मोबाइल' अ‍ॅपवर मिळतात. पण तिथे एक खोच आहे: प्रवाशाच्या माहितीत हाफ फेअर कार्ड आधीच धरलेलं असू शकतं आणि दिसणारा दर निम्मा असतो. 'सवलत कार्ड नाही' असं निवडा, मगच बेरीज करा.

एका गावात मुक्काम ठोकून आसपास फिरणार असाल तर बहुधा कार्ड स्वस्त. रोज गाव बदलणार असाल तर पास. पास घ्यायचाच तर फार आखूड घेऊ नका. २०२५ च्या दरांनी ३ दिवसांच्या पासात दिवस ८१ फ्रँकला पडत होता, ८ दिवसांच्या पासात ५२ ला. विमान रात्री उतरणार असेल तर पास दुसऱ्या दिवसापासून सुरू करा. रात्रीच्या एका गाडीसाठी अख्खा दिवस खर्ची पडतो.

खिशाला खरी कात्री लागते ती डोंगरावरच्या गाड्यांत. युंगफ्राउयोखला पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच चालतो. तिथून वर फक्त २५ टक्के सवलत मिळते, हाफ फेअर कार्डवर मात्र ५० टक्के. या वरच्या टप्प्याचं जाऊन-येऊन तिकीट मोसमात २०० फ्रँकच्या पुढे जातं, म्हणजे एका माणसामागे पन्नासहून अधिक फ्रँकचा फरक याच एका दिवशी पडतो. टिटलिसला दोन्हींवर निम्मी सवलत. रिगी आणि श्टान्सरहॉर्न हे डोंगर पासवर पूर्ण फुकट. बजेट घट्ट असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पास असेल तर रिगीला जा, युंगफ्राउयोख करायचंच असेल तर कार्ड घ्या.

ग्लेशियर एक्स्प्रेस आणि बर्निना एक्स्प्रेसला पास चालतो, पण आसनाचं आरक्षण सक्तीचं आणि त्याचे पैसे वेगळे. त्याच रुळांवरून साध्या लोकल गाड्या धावतात. डोंगर तेच दिसतात आणि आरक्षण लागत नाही.

लवकर ठरवणाऱ्यांसाठी सेव्हर डे पास आहे: दिवसभराचा, सहा महिने आधी विक्रीला येतो, ५२ फ्रँकपासून, हाफ फेअर कार्ड असेल तर २९ पासून. स्वस्त कोटा संपला की दर चढतो आणि घेतल्यावर पैसे परत मिळत नाहीत. ठरावीक गाडीच्या सुपरसेव्हर तिकिटांचंही तेच. म्हणून व्हिसा हातात आल्याशिवाय यातलं काही घेऊ नका.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा पासपोर्ट, किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा, बँकेचं आणि आयकराचं विवरणपत्र, रजेचं पत्र, हॉटेलची नोंदणी हे सगळं लागतं. बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्रावर जावं लागतं. नाशिककर असाल आणि मुंबईच्या केंद्रासाठी नाशिक रोडहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडणार असाल तर अपॉइंटमेंट दुपारची घ्या. केंद्रावर एसएमएस, प्रीमियम लाउंज, फोटो अशा सेवा पुढे केल्या जातात, त्या ऐच्छिक आहेत. फोटो आणि झेरॉक्स आपल्या गावातच करा. कुरिअरचे पैसे मात्र खुशाल भरा. पासपोर्ट आणायला केंद्राची दुसरी फेरी त्याहून महाग पडते.

पास स्वतः ऑनलाइन घेता येतो, मोबाइलवरचा क्यूआर कोड पुरतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका आणि गाडीत मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, तपासनीस मागू शकतो. एजंटकडून घेतलात तर पासची किंमत फ्रँकमध्ये आणि एजंटचं शुल्क रुपयांत असं वेगवेगळं लिहून घ्या. अनेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनासाठी साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लागतो, वर त्या मार्कअपवर जीएसटी. फॉरेक्स कार्डाचा दर आधी विचारा.

हॉटेलात उतरलात की गेस्ट कार्ड मागा. इंटरलाकेन, लुसर्न, जिनिव्हा इथे त्यावर शहरातल्या बस फुकट. तेवढ्यासाठी पासचा दिवस जाळू नका.

घरात १६ ते २४ वयाचं कोणी असेल तर त्याच्या ट्रॅव्हल पासवर ३० टक्के सूट आहे, ती मागून घ्या. सहा वर्षांखालच्या मुलाला तिकीटच नाही. सहा पूर्ण झालेल्या आणि सोळा न झालेल्या मुलांसाठी स्विस फॅमिली कार्ड असतं. आई किंवा वडील सोबत असले की मूल त्यावर फुकट प्रवास करतं. पासबरोबर किंवा हाफ फेअर कार्डबरोबर ते मोफत मिळतं. बिलात त्याचे पैसे लावलेले दिसले तर देऊ नका.