घरच्या नासमधली डिस्क कधी बदलावी?

प्रश्न : दोन डिस्कच्या नासमध्ये (घरच्या नेटवर्कवरच्या साठवण-यंत्रात) एका डिस्कवर खराब सेक्टरचा इशारा येतो आहे. फोटो मात्र नीट उघडतात. डिस्क लगेच बदलावी का?

उत्तर : होय, फोटो उघडत आहेत तोवरच. खराब सेक्टरच्या जागी डिस्क राखीव सेक्टर वापरते, म्हणून वरकरणी सगळे ठीक दिसते. डिस्कच्या प्रकृतीच्या ‘स्मार्ट’ अहवालात ५ क्रमांकाची नोंद अशा बदललेल्या सेक्टरची संख्या सांगते. १९७ क्रमांकाची, वाचता न आलेल्या प्रलंबित सेक्टरची. हे आकडे वाढत असतील तर थांबू नये.

आधी बॅकअप, आणि तोही नासबाहेरच्या डिस्कवर! रेड १ (RAID 1) या मांडणीत दोन्ही डिस्कवर तीच माहिती असते खरी; पण चुकून पुसलेला फोटो दोन्हीकडून जातो. शिवाय नवी डिस्क भरताना उरलेली एकटी डिस्क तासन्‌तास वाचली जाते, आणि तीही बहुधा पहिलीच्याच वयाची असते. धोका खरा तिथे आहे.

नवी डिस्क निदान तेवढ्याच क्षमतेची आणि सीएमआर पद्धतीची घ्यावी. एसएमआर या दुसऱ्या पद्धतीत माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. एक बदलताना शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात आणि काम रेंगाळते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या २ ते ६ टीबीच्या ‘रेड’ (Red) नावाच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले होते. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्कना ‘रेड प्लस’ हे वेगळे नाव दिले.

डिस्क काढण्याआधी अनुक्रमांक जुळवावा, नाहीतर घाईत चांगलीच डिस्क बाहेर येते. हॉट-स्वॅपची, म्हणजे नास चालू असताना डिस्क बदलण्याची, सोय नसेल तर नास बंद करावा. नवी डिस्क बसवल्यावर ‘रिपेअर’ सुरू करावे. ते संपेपर्यंत नास यूपीएसवर ठेवावा.